तेरीज कोण देणार? विदर्भातील लेखाशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
लेखाशास्त्र अभ्यास मंडळे,
विदर्भातील विद्यापीठे

विषय : बी.कॉम.च्या लेखाकर्माची परीक्षा तयार तेरजेऐवजी (तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी) पावत्यांपासून सुरू करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली ११ वर्षे तासिका तत्त्वावर बी.कॉम.च्या वर्गांना लेखाकर्म शिकवतो. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर एका जिनिंगची (कापसातून रुई व सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची) व दोन कृषी केंद्रांची (बियाणे-खतांच्या दुकानांची) हिशेबवही, असा माझा दिवस जातो. तासिकांचे मानधन केव्हा हाती पडेल याचा नेम नसल्यामुळे दुपारचे काम धरावे लागले, हे खरे. पण वर्गात जे शिकवतो त्यातले किती बाहेर चालते आणि किती चालत नाही, हे त्या कामामुळेच रोज पडताळून पाहता आले. त्या पडताळणीत जे दिसले ते आपल्यासमोर ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. अभ्यासक्रमाच्या बैठकीला तासिकावाल्यांना बोलावण्याची पद्धत नाही, म्हणून ते खुले लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, कापसाचा हंगाम भरात आलेला असताना, माझ्याच वर्गात शिकलेली एक मुलगी त्या जिनिंगमध्ये हिशेबाच्या कामाला लागली. लेखाकर्मात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते आणि अंतिम लेख्यांचे उदाहरण ती माझ्याआधी जुळवीत असे. मी तिच्यापुढे आदल्या आठवड्याच्या काटापट्ट्या (वजनाच्या चिठ्ठ्या), चुकाऱ्याच्या (कापसाचे पैसे दिल्याच्या) पावत्या, हमालीचे व ट्रकभाड्याचे चिटोरे, डिझेलची बिले आणि बँकेचा खातेउतारा ठेवला आणि आठवड्याचा हिशेब लिहायला सांगितला. तिने सगळे कागद एकदा चाळले, पुन्हा एकदा चाळले आणि विचारले, "सर, यात तेरीज कुठे आहे?"

मला हसू आले नाही, कारण ती मी शिकवल्याप्रमाणेच विचारीत होती. आपण ठरवलेल्या आणि मी इमानेइतबारे शिकवलेल्या अभ्यासक्रमात मोठ्या गुणांचा प्रश्न जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येतो : खालील तेरजेवरून आणि समायोजनांवरून ३१ मार्च रोजी संपणाऱ्या वर्षाचे व्यापारी पत्रक, नफा-तोटा पत्रक आणि त्या तारखेचा ताळेबंद तयार करा. खाली दोन स्तंभांत नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) शिल्लका छापलेल्या असतात, त्यांची बेरीज जुळलेली असते, आणि शेवटी पाच-सहा समायोजना असतात : अखेरचा साठा इतका, यंत्रावर घसारा १० टक्के, मजुरी देणे बाकी इतकी, येण्यांवर ५ टक्के बुडीत कर्जाची तरतूद. कोणती रक्कम कोणत्या पत्रकात कोणत्या बाजूला जाते याचा सराव डिसेंबरपर्यंत पक्का होतो आणि मार्चमध्ये गुण मिळतात. मात्र त्या तेरजेतला प्रत्येक आकडा कोणीतरी कागद हातात घेऊन, हा खर्च कशाचा, कोणाच्या खात्याचा, कोणत्या वर्षाचा, असे ठरवून तिथपर्यंत आणलेला असतो. आणि हिशेबनिसाच्या कामाचा बहुतांश भाग तेवढाच असतो. रोजकीर्द (व्यवहारांची पहिली नोंद), खतावणी (त्या नोंदी खात्यांत उतरवणे), बँक जुळवणी ही प्रकरणे अभ्यासक्रमात आहेत, याची मला जाणीव आहे. पण त्या प्रश्नांतही व्यवहार वाक्यात सांगून टाकलेला असतो : "रामकडून ५,००० रुपयांचा माल उधारीवर खरेदी केला." प्रत्यक्षात असे वाक्य कोणी हातात ठेवत नाही. हातात येते ते अर्धवट भिजलेले बिल, त्यावर खोडून लिहिलेली रक्कम आणि मागच्या बाजूला कोणाचा तरी फोन नंबर.

आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहेत असे नव्हे, हे आपणच पहिल्या सत्रात शिकवतो : विसरलेली नोंद, तत्त्वाची चूक, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका यांपैकी काहीही तेरजेला कळत नाही. मग दुसऱ्या सत्रात त्याच विद्यार्थ्याला दरवेळी जुळलेली तेरीज देऊन तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला लावतो. शिवाय तेरीज, नफा-तोटा पत्रक व ताळेबंद ही तीनही आज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कळ दाबताच तयार होतात. म्हणजे यंत्र जे काम क्षणात करते त्याची आपण परीक्षा घेतो, आणि यंत्राला जे करता येत नाही, म्हणजे कागद वाचून निर्णय घेणे, ते परीक्षेबाहेर ठेवतो. पदवीनंतर मुले तालुक्याच्या ठिकाणी तीन महिन्यांच्या टॅलीच्या वर्गाला फी भरून बसतात. तिथे त्यांना एफ फाइव्ह दाबले की पैसे दिल्याची नोंद आणि एफ सेव्हन दाबले की रोजकीर्द एवढे कळते, पण कोणत्या खात्याला नावे टाकायचे हा प्रश्न तिथेही कोणी सोडवून देत नाही, आणि चुकीच्या खात्याला टाकले तरी टॅलीची तेरीज जुळतेच. कंपन्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे पहिली नोंद चुकली तर ती गुपचूप पुसून टाकता येत नाही, लेखापरीक्षकासाठी तिचा माग तसाच राहतो.

आमच्या भागात दर वर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत डोळ्यांसमोर चालणाऱ्या व्यवहाराचे उदाहरण जरा सविस्तर मांडतो. जिनिंगने १०० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने घेतला असे धरू. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. आपण ३४ क्विंटल रुई, ६४ क्विंटल सरकी आणि २ क्विंटल घट धरू. गाठ १७० किलोची असते, म्हणजे ३४ क्विंटल रुईच्या बरोबर २० गाठी बांधल्या गेल्या. कापसाचे ७,००,००० आणि जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वाहतूक मिळून ३०,००० असा एकूण खर्च ७,३०,००० रुपये झाला. सरकी ३,७५० रुपये क्विंटलने गेली तर २,४०,००० रुपये येतात, आणि गाठीला बाजारात २८,००० रुपये मिळत असतील तर २० गाठींचे ५,६०,००० होतात. आता ३१ मार्चला गोदामात पडून असलेल्या गाठीची किंमत वहीत किती लिहायची? लेखा मानक २ सांगते की साठा खर्च आणि निव्वळ वसूलयोग्य मूल्य (विक्रीचा खर्च जाऊन हाती येणारी रक्कम) यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला दाखवावा. इथे खर्च कमी आहे हे उघड दिसते, पण खर्च नेमका किती, तिथे खरी अडचण सुरू होते. सरकीला उपउत्पादन मानून तिची विक्री एकूण खर्चातून वजा केली, तर एक गाठ २४,५०० रुपयांना पडते. रुई व सरकी यांना संयुक्त उत्पादने मानून विक्रीमूल्याच्या प्रमाणात खर्च वाटला, तर ७० टक्के खर्च रुईकडे येतो आणि तीच गाठ २५,५५० रुपयांना पडते. गाठीमागे १,०५० रुपयांचा फरक झाला, आणि वर्षअखेरीस अशा ५०० गाठी शिल्लक असतील तर साठ्याच्या किमतीत, म्हणून त्या वर्षाच्या नफ्यातही, ५,२५,००० रुपयांचा फरक पडतो. जुने दिवाणजी सवयीने सरकी वजा करून मोकळे होतात. माझे मत विचाराल तर एकूण विक्रीत ३० टक्के वाटा असलेल्या सरकीला किरकोळ उपउत्पादन म्हणणे अवघड आहे. पण या मतावर वर्गात वाद झाला तरी मला आनंदच होईल. दुर्दैवाने आमच्या परिव्यय लेखांकनाच्या (कॉस्टिंगच्या) पुस्तकात संयुक्त उत्पादनाचे उदाहरण येते ते क्ष आणि य या दोन रसायनांचे, आणि ज्या मुलाने रात्रभर वडिलांबरोबर कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगच्या फाटकाबाहेर रांग धरली, तो सकाळी वर्गात येऊन क्ष आणि य पाठ करतो.

याच व्यवहारात वस्तू व सेवा कराचाही एक पेच आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने कास्तकाराकडून कापूस घेतला तर कर शेतकऱ्याने नव्हे, खरेदीदाराने भरायचा असतो. वरच्या उदाहरणात ५ टक्क्यांप्रमाणे ते ३५,००० रुपये होतात. ते व्यापाऱ्याने रोखीने भरायचे आणि नंतर जमाकर (इनपुट टॅक्स क्रेडिट) म्हणून परत वापरायचे. एकाच खरेदीतून देणे आणि येणे अशी दोन्ही खाती उभी राहतात, पैसा मात्र मध्ये काही काळ अडकतो. खेळते भांडवल म्हणजे काय हे वर्गात समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

कृषी केंद्राबद्दल थोडक्यात लिहितो. तिथल्या एकाच बिलावर बियाण्याला कर शून्य, खताला ५ टक्के आणि कीटकनाशकाला १८ टक्के असे तीन दर येऊ शकतात. अनुदानित खत पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर शेतकऱ्याच्या आधारची नोंद करून विकायचे असते, आणि पहिल्या पावसानंतर दुकानाबाहेर रांग लागते तेव्हा यंत्रातला साठा, गोदामातला साठा आणि वहीतला साठा हे तीन आकडे क्वचितच सारखे असतात. ते जुळवून देणे हे हिशेबनिसाचे काम. जूनमधली उधारी कापूस-सोयाबीन विकल्यावर वसूल व्हायची असते. पुस्तकातली ५ टक्के बुडीत कर्जाची तरतूद आम्ही डोळे झाकून करीत होतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा ती तरतूद कशाच्या आधारावर ठरवायची असते, याचा विचार मी स्वतः पहिल्यांदा केला.

आता भाषेविषयी, कारण आमचा बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमातून येतो आणि लेखाकर्माची भीती त्याला आकड्यांपेक्षा शब्दांमुळे जास्त वाटते. आपण त्याला "डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट" हे सूत्र तोंडपाठ करवतो. वास्तविक नावे आणि जमा हे शब्द तो लहानपणापासून ऐकत आला आहे. किराणा दुकानात "माझ्या नावे टाका" म्हटले की उधारी वाढते आणि "हे माझ्या खात्यात जमा करा" म्हटले की ती कमी होते, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. व्यक्तीच्या खात्याचा नियम त्या दोन वाक्यांतच आलेला आहे. पण पुढे एक खराखुरा पेच येतो, जो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला उलगडून दाखवलेला दिसला नाही. गावच्या, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सेवा सहकारी संस्थेच्या किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) डावी बाजू जमेची असते आणि उजवी नावेची. कॉलेजच्या पुस्तकातल्या रोकडपुस्तकात डावी बाजू नावेची असते आणि उजवी जमेची. सभासदाने ५,००० रुपये कर्जफेड केली तर दोन्हीकडे ती डावीकडेच लिहिली जाते, मथळा मात्र उलटा. कारण असे की किर्दीत त्या सभासदाचे खाते जमा होते म्हणून तसे लिहितात, आणि रोकडपुस्तक हे स्वतःच रोख खाते असल्यामुळे त्यात आलेली रोकड नावे पडते. एवढी दोन वाक्ये कोणी सांगितली नाहीत, तर मुलाला वाटते की एक तर संस्थेचा गटसचिव चुकतो किंवा सर चुकतात. बँकेच्या पासबुकाचे तेच : तिथली जमा ही बँकेच्या वहीतली जमा आहे, आपल्या वहीत ती नावे शिल्लक आहे. पहिल्या सत्रात पहिले दोन आठवडे एवढ्याच गोष्टीला दिले, तर पुढचे दोन महिने वाचतात, हा माझा अनुभव आहे.

संस्थेचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला ३ लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज आपल्या राज्यात शून्य टक्के व्याजाने पडते. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे, कारण त्याच्या घरात त्यावर बोलणे होते. पण कर्ज खरोखर बिनव्याजी नसते. शेतकऱ्याच्या वाट्याचे व्याज केंद्राच्या ३ टक्के प्रोत्साहन सवलतीतून आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भरून निघते. ते पैसे येईपर्यंत ३१ मार्चला ते व्याज कोणाचे येणे म्हणून दाखवायचे, शेतकऱ्याचे की शासनाचे, आणि शेतकऱ्याची मुदत चुकली तर काय करायचे? उपार्जित (झालेले, पण अजून हाती न आलेले) व्याज हे प्रकरण शिकवायला हे उदाहरण घेतले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांनीही वह्या उघडल्या. जून २०२२ मध्ये केंद्र मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच सेवा संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्या कामात जुन्या किर्दी-खतावण्या वाचून सुरुवातीच्या शिल्लका बरोबर बसवणारी माणसे लागतात, आणि ती गावातच तयार व्हायला हरकत नाही.

महिला बचत गटाचे उदाहरण तर आपल्या भागीदारीच्या प्रकरणात जसेच्या तसे बसते. अ, ब आणि क हे ३:२:१ या प्रमाणात नफा वाटून घेणारे भागीदार असून क निवृत्त झाला, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या आया बचत गटात आहेत. एखादी सभासद गाव सोडून मुलाकडे राहायला गेली की गटापुढे नेमका हाच प्रश्न येतो : तिची बचत किती, अंतर्गत कर्जाच्या व्याजातून साठलेल्या नफ्यातला तिचा वाटा किती, आणि दुसऱ्या एखादीकडे थकलेल्या कर्जाचा भार तिने उचलायचा की नाही. मी एकदा हे उदाहरण सोडवून आणायला घरी दिले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आणलेले उत्तर त्याच्या आईचे होते, ते माझ्या उत्तराहून वेगळे होते, आणि तिने बुडीत कर्जाचा वाटा आधी वजा केल्यामुळे माझ्यापेक्षा बरोबरही होते. नियमित लेखे ठेवणे हे गटांच्या पंचसूत्रीतले एक सूत्र आहे. विद्यापीठाला मात्र ते लेखे अजून दिसलेले नाहीत.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोष्ट जास्त कष्टदायक आहे. २०२० साली केंद्राने १०,००० नव्या शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली आणि आमच्याही तालुक्यात कंपन्या उभ्या राहिल्या. दर सभासदाने भागभांडवल भरले, सोयाबीन-तुरीची खरेदीविक्री झाली, वही मात्र कोणी लिहिली नाही, कारण लिहिणारा माणूस ठेवायला पैसे नव्हते आणि गावातल्या बी.कॉम. झालेल्या मुलाला ते जमेल असे कोणाला वाटले नाही. वार्षिक विवरणपत्र आणि वित्तीय लेखे कंपनी निबंधकाकडे वेळेत गेले नाहीत तर प्रत्येक नमुन्यामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन नमुने २०० दिवस राहिले तर ४०,००० रुपये. काही लाखांची उलाढाल असलेल्या कंपनीला हा आकडा लहान नाही. लेखापरीक्षक वर्षातून एकदा शहरातून येतो, त्याला तयार हिशेब हवे असतात, आणि तिथेही पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो : तेरीज कोण देणार?

हे सगळे लिहून माझी मागणी मात्र लहान आहे. प्रथम वर्षाच्या लेखाकर्माच्या परीक्षेत अंतिम लेख्यांचा जो मोठा प्रश्न असतो, त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला एक प्रश्न छापील पावत्यांचा असावा. प्रश्नपत्रिकेच्या दोन पानांवर एखाद्या कृषी केंद्राच्या १५ पावत्या आणि बँकेच्या उताऱ्याच्या दहा ओळी छापाव्यात. त्यांतली एक पावती मालकाच्या घरच्या किराण्याची असावी, एक आदल्या वर्षाची असावी, एक दोनदा आलेली असावी, आणि एक अशी असावी की जिच्यात यंत्राची दुरुस्ती व नवीन सुटा भाग एकाच रकमेत मिसळलेले आहेत. विद्यार्थ्याने नोंदी कराव्यात, खतावणी करावी, तेरीज स्वतः काढावी आणि कोणती पावती का बाजूला ठेवली ते दोन ओळींत मराठीत लिहावे. एकूण गुणांपैकी निदान तिसरा हिस्सा अशा प्रश्नाला मिळाला, तर शिकवणारे आपोआप पावत्यांकडे वळतील, कारण आपल्याकडे काय शिकवायचे हे शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते, अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतली उद्दिष्टे नव्हेत.

यावर येणारे आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेऊन पाहिले आहेत. तपासणी अवघड होईल, हा पहिला. होईल, पण दोन ओळींचे कारण वाचायला तेरजेचे दोन स्तंभ तपासण्यापेक्षा फार वेळ लागत नाही, आणि नक्कल मात्र फार अवघड होते. पूर्णवेळ प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि संगणक खोलीला कुलूप आहे, हा दुसरा. तो खरा आहे. पण १५ पावत्या छापायला संगणकही लागत नाही आणि विजेवरही अवलंबून राहावे लागत नाही. गाइड छापणारे लगेच "पावत्यांचे अपेक्षित प्रश्न" काढतील, हा तिसरा. काढतील बापडे, निदान गाइडमध्ये तरी कधी खरे बिल छापले जाईल. सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे नुकसान होईल, ही शंका एका सहकाऱ्याने काढली. कंपनीच्या अंतिम लेख्यांचे प्रश्न मी काढून टाकायला सांगत नाही. आणि ज्याला पुढे दोन वर्षे एखाद्या कार्यालयात उमेदवारी करायची आहे, त्याच्या हातात पहिल्या दिवशी पडणार आहेत त्या पावत्याच.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या आराखड्यात कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्क यांना श्रेयांक (क्रेडिट) ठेवलेले आहेत. त्यांचे आमच्याकडे काय होते हे आपल्याला माहीत असेलच : ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का असलेले प्रमाणपत्र आणि कोठून तरी उतरवलेला प्रकल्प अहवाल. ही श्रेयांके वाणिज्य शाखेपुरती गावच्या सेवा सहकारी संस्थेत, ग्रामपंचायतीत, बचत गटांच्या संघात किंवा उत्पादक कंपनीत घालवलेल्या तासांना द्यावीत, आणि अहवालाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या एका महिन्याच्या नोंदी मागवाव्यात. ग्रामपंचायतीच्या लेख्यांचे १ ते ३३ नमुने ठरलेले आहेत. त्यांतला ५ क्रमांकाचा रोकडवहीचा नमुना आणि कर मागणीचा ९ क्रमांकाचा नमुना एवढे जरी मुलाने महिनाभर हाताळले, तरी रोख पद्धत आणि उपार्जित पद्धत यांतला फरक त्याला व्याख्येशिवाय कळेल. आमच्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरून हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे ठरले होते, तेव्हा ही कल्पना काही बाहेरून आणावी लागणार नाही. गोपनीयतेची अडचण येईल. ती सोडवायला सभासदांची नावे झाकलेल्या प्रती पुरतात. सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखाकर्म पदविका) परीक्षेला बसू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या महिन्याचा जो उपयोग होईल, त्याबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही.

आणखी एक विनंती पारिभाषिक शब्दांची आहे. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत मराठी संज्ञेशेजारी तिचा रूढ इंग्रजी शब्दही असावा, आणि तो सर्व विद्यापीठांत एकसारखा असावा. एका पुस्तकात ख्याती, दुसऱ्यात नावलौकिक आणि तिसऱ्यात नुसते गुडविल, अशा अवस्थेत मुलगा संज्ञा शिकण्याऐवजी लेखकाचे नाव लक्षात ठेवतो.

मी गेल्या उन्हाळ्यात असे तीन नमुना संच तयार केले आहेत : एक जिनिंगचा, एक कृषी केंद्राचा आणि एक बचत गटाचा. त्यांतली नावे व रकमा बदललेल्या आहेत, कागद मात्र खऱ्या कागदांवरून उतरवले आहेत. मंडळाने मागितल्यास मी ते उत्तरांसह पाठवीन आणि त्यासाठी कोणतेही मानधन नको आहे. जिनिंगचा संच मी पाठवण्याआधी, तेरीज मागणाऱ्या त्या मुलीकडून तपासून घेतला. ती आता तिथली सगळी वही एकटी सांभाळते. मी मुद्दाम पेरलेल्या चारही चुका तिने अर्ध्या तासात काढल्या, आणि मग ट्रकभाड्याची एक पावती बाजूला ठेवून म्हणाली की ही तर दोनदा धरली गेली आहे. ती पाचवी चूक मी पेरलेली नव्हती.

कळावे,

आपला विश्वासू,
तासिका तत्त्वावरील एक लेखाकर्म अध्यापक,
जि. यवतमाळ